ओमनीची वकिली

प्रत्येक गावाचा एक राखीव वाद असतो. पुण्यात मिसळ कुणाची, नागपुरात सावजीचं तिखट कुणाचं, कोल्हापुरात तांबडा आधी की पांढरा. या वादांचं एक बरं असतं. ते मिटत नाहीत, त्यामुळे संध्याकाळ कशी घालवायची हा प्रश्न मिटतो. आमच्या कारंजा लाडमध्ये असाच एक वाद गेली कित्येक वर्षं सुखानं नांदतो आहे. सुझुकीची सगळ्यात भारी गाडी कोणती?

बाहेरगावचा माणूस विचारतो, सुझुकीचीच का? अहो, भजी कांद्याची बरी की बटाट्याची हा वाद होऊ शकतो, कारण दोन्ही आपण खाल्लेली असतात. ज्या गावात चार गाड्या एका रांगेत उभ्या केल्या तर त्यातल्या निदान दोन त्या एकाच जपानी घराण्यातल्या निघतात, तिथे दुसऱ्या घराण्याबद्दल भांडायला माणसं आणायची कुठून? शिवाय मारुती हे नाव पुढे असल्यामुळे सुझुकी जपानी आहे हे आम्ही केव्हाच विसरलो आहोत. नव्या गाडीची पूजा शनिवारी करणारे लोक आहेत आमच्याकडे.

तर दिवेलागणीला दारव्हा वेशीकडच्या एका गॅरेजसमोर हा शास्त्रार्थ भरतो. कारंज्याला शास्त्रार्थ नवा नाही. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, तीन वेगवेगळ्या परंपरांची तीन जुनी जैन मंदिरं इथे एकाच गावात आहेत. मतभेद कसे बाळगावेत आणि तरी एकाच टपरीवर चहा कसा प्यावा, हे गावाला चांगलं ठाऊक आहे.

मापाचंही आम्हाला वावडं नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंज्यातच सुरू झाला. शेतकऱ्याला वजनात मारू नये, भाव उघड बोलावा, हा त्यामागचा हेतू. ज्या गावानं वजनकाट्याला कायदा लावून दिला त्याच गावात ‘भारी’ हा शब्द इतक्या सैल हातानं वापरला जावा, याचं मला वाईट वाटतं. हा लेख त्या वाईट वाटण्यातून लिहिला आहे.

मुळात सुझुकी आणि भारी हे शब्द एका घरात नांदतच नाहीत. भारी म्हणजे जड. आणि या कंपनीचा सगळा जन्म हलक्या गाड्या बनवण्यात गेला. मारुती आठशेचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. साडेसहा क्विंटल! आमच्याकडे एवढा कापूस बंडीत भरून बैल निवांत बाजारात येतात, आणि वाटेत रवंथही करतात.

कापसावरून आठवलं. सुझुकीचं आणि आपलं नातं मोटारीपेक्षा जुनं आहे. सुतारकाम शिकलेल्या मिचिओ सुझुकी या गृहस्थानं १९०९ साली हामामात्सु इथे कारखाना काढला तो मोटारींचा नव्हे, कापड विणायच्या मागांचा. मोटार फार नंतर आली, १९५५ साली, सुझुलाइट नावाची, नावाप्रमाणेच हलकी. म्हणजे आम्ही इकडे कापूस पिकवत होतो आणि तो तिकडे माग ठोकत होता. मागवाल्याची नजर वेगळी असते. लाकूड कमी लागावं, जागा कमी व्यापावी, आणि कापड मात्र हातभर जास्त निघावं. त्या नजरेनं बनवलेल्या गाडीत ‘रुबाब’ शोधणं म्हणजे गोधडीत जरीचा पदर शोधणं.

पण आमची मंडळी शोधतात. त्यांची भारीची व्याख्या मी बरेच दिवस ऐकून घेतली. ती एका वाक्यात मावते. गाडी रस्त्यावरून गेली की लोकांनी वळून बघितलं पाहिजे. आता वळून तर लोक केळाच्या सालीवरून पडलेल्या माणसाकडेही बघतात.

पहिला पंथ जिप्सीचा. १९८५ च्या अखेरीला ही गाडी आली. लष्करानं घेतली, पोलिसांनी घेतली, ताडोब्यात वाघ दाखवायला लागली. या पंथाचे लोक बाकावर बसतानासुद्धा छाती पुढे काढून बसतात. “वाघ पाह्याले जायचं तर जिप्सीच पाह्यजे भाऊ!” मी विचारलं, कारंज्यात वाघ कुठे आहे? सोहोळच्या अभयारण्यात काळवीट आहेत, आणि काळवीट गाडीचं मॉडेल बघून पळत नाही, सगळ्यांनाच बघून पळतं. जिप्सीचं खरं रूप कळायचं असेल तर मागच्या बाकावर बसावं. चारही चाकांना पाटे. रस्त्यातला खड्डा आधी चाकाला कळतो, मग मणक्याला, आणि ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी. पेट्रोल तर ती उन्हाळ्यात उसाचा रस प्यावा तशी पिते. लष्कराच्या लिलावातून घेतलेली जिप्सी दारात उभी करायची आणि स्वतः मोटरसायकलनं बाजारात जायचं, असे जिप्सीपंथी मी पाहिले आहेत. दैवत देव्हाऱ्यात आणि कामाला दुसरा, हा जुनाच रिवाज.

दुसरा पंथ झेनचा. झेन हा जपानातला एक बौद्ध पंथ, आणि त्यात मौनाला फार महत्त्व आहे म्हणतात. आमचे झेनपंथी एक मिनिट गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही. १९९३ साली ही गोलमटोल गाडी आली, तिचं इंजिन खरोखरच गोड होतं, ते मी नाकारत नाही. पण त्यांचा हुकमाचा एक्का वेगळाच. “इथून युरोपात गेली गाडी, ऑल्टो नावानं!” अहो, वऱ्हाडातला कापूसही युरोपातच गेला होता, आणि कापड होऊन परत आला तेव्हा आपल्यालाच महाग पडला. युरोपात जाणं हा जर गुण धरला तर आधी कापसाचा सत्कार करा. झेनची एक अडचण मात्र तिचे भक्त कधी सांगत नाहीत. साठी उलटलेला माणूस तिच्यात बसू शकतो. उतरायला दोघं लागतात.

एस्टीमवाले दोघेच आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

२००५ साली स्विफ्ट आली, आणि तिच्याबरोबर पोट्ट्यांचा एक नवा पंथ. गाडी जशी कारखान्यातून आली तशी ठेवणं हा या पंथात कमीपणा समजतात. मागच्या काचेवर आईचा आशीर्वाद आणि खाली सायलेन्सरमधून शेजाऱ्यांचे शाप. यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण गाडी चालू असताना ऐकू येत नाही आणि बंद असताना ते मोबाइलमध्ये असतात.

मागे दिवाळीला एकाचा भाचा पुण्याहून आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मंद हसून म्हणाला, “सुझुकीची सगळ्यात भारी गाडी तुम्ही कुणी पाहिलेलीच नाही. कॅपुचिनो!” टपरीवाल्याला वाटलं ऑर्डर आहे. त्यानं सांगितलं, “नाही भेटत.” मग भाच्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. १९९१ साली जपानात निघालेली इवलीशी लाल गाडी, इंजिन ६५७ सीसीचं, माणसं फक्त दोन, आणि छपराचे तीन तुकडे हातानं काढून मागे ठेवता येतात. गाडी देखणी आहे, वाद नाही. पण कारंज्यात मे महिन्यात छप्पर काढून ज्याला फिरायचं असेल त्यानं बैलबंडी घ्यावी, तिला छप्पर मुळात नसतंच. आणि दोनच माणसं? आमच्याकडे दोन माणसं दुधाचा रतीब आणायलाही निघत नाहीत. तिसरा वाटेत भेटतोच.

सध्या जोर आहे तो जिमनीचा. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिमनी आपल्याकडे आली, पावणेतेरा लाखांपासून पुढे. सगळ्यांनी फोटो काढले, आत बसून पाहिलं, दार वाजवून पाहिलं, आणि घरी येऊन दुसरीच गाडी घेतली. गाडी खपेना. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तीच, हरयाणात बनलेली गाडी, नोमॅड या नावानं जपानात नेऊन विकायला ठेवली, तर चार दिवसांत पन्नास हजारांच्या घरात मागणी आली आणि कंपनीनं हात जोडून नोंदणी थांबवली. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते असं. ही बातमी आली त्या दिवशी गॅरेजसमोर जिमनीवाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मी म्हटलं, “जपान्यांना आवडली हे ठीक, पण तुम्ही घेतली का?” त्यावर उत्तर आलं, “काका, भारी गाडी घ्याची थोडीच राह्यते? भारी गाडी पाह्याची राह्यते.”

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. सगळ्या वादाची किल्ली त्यात आहे. ज्या वस्तूचा आपल्याला काडीचा उपयोग नाही तिला भारी म्हणायचं, आणि जिनं आपलं आयुष्य ओढलं तिला डबा!

आता माझं अशील न्यायासनापुढे उभं करतो. ओमनी. आमच्याकडे तिला ओमनी कमी आणि ‘मारुती व्हॅन’ जास्त म्हणतात. १९८४ साली ती व्हॅन याच नावानं आली, बारसं चार वर्षांनी, १९८८ ला झालं, आणि २०१९ साली ती बंद झाली. पस्तीस वर्षं. या पस्तीस वर्षांत तिला कुणी भारी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हिंदी सिनेमावाल्यांनी तर तिला पळवापळवीच्या धंद्याला लावलं. नायिकेची बहीण रस्त्यानं चालली की पांढरी व्हॅन येणार, दार सर्रकन सरकणार, बहीण आत. माझं म्हणणं, त्या गुंडांना गाडीतलं कळत होतं. सरकतं दार म्हणजे काय सोय असते हे त्यांनी ओळखलं, आपल्या शौकिनांनी नाही. आमच्या जुन्या वस्तीतल्या बोळात एस्टीम घालून दाखवा. जाईल. मग दार उघडून दाखवा. भिंतीवरचा चुना दाराला लागेल आणि मालक खिडकीतून बाहेर येईल. ओमनी त्याच बोळात उभी राहते, दार भिंतीच्या कडेनं सरकतं, आणि आतून आजी, सून, तीन पोरं आणि सरकीच्या ढेपेचं पोतं या क्रमानं बाहेर पडतात.

शौकिनांना तांत्रिक बाबी लागतात, म्हणून तेही सांगतो. ज्या महागड्या इटालियन गाड्यांचे फोटो ही पोट्टी मोबाइलवर ठेवतात त्यांचं मोठेपण कशात, तर इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणि जोर मागच्या चाकांना. बरोबर? मग ओमनीचं इंजिन कुठे होतं? पुढच्या सीटखाली. जोर कुठल्या चाकांना? मागच्या. म्हणजे आराखडा तोच. फरक इतकाच, की इटालियन गाडीत बसल्यावर मालकाच्या डोक्यात हवा जाते आणि ओमनीत बसल्यावर बूड तापतं. थंडीत हा सुद्धा फायदाच आहे. वऱ्हाडातली जानेवारीतली पहाट ज्यानं काढली त्याला विचारा.

या सगळ्यात माझा खरा सामना आहे तो आठशेशी. बाकीचे पंथ हौसेचे, आठशेचा पंथ श्रद्धेचा. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली किल्ली दिली गेली, किंमत साडेसत्तेचाळीस हजार. पुढे जानेवारी २०१४ पर्यंत ती निघत राहिली, आणि देशात पंचवीस लाखांहून जास्त विकली गेली. आमच्या गॅरेजसमोर आठशेचं नाव निघालं की वयस्क मंडळी पाय खाली सोडून बसतात. कुणी बँकेतून कर्ज काढून घेतलेली असते, कुणी पीएफ मोडून. पहिल्या दिवशी पेढे, दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची, तिसऱ्या दिवशी ओरखडा. मला या भावनेचा मान आहे. आठशेनं मध्यमवर्गाला पावसातून कोरडं घरी आणलं.

पण कुणाला आणलं, ते मोजा. चौघांना. आठशे ही चौकोनी कुटुंबाची गाडी. लाल त्रिकोणाच्या जाहिरातीतलं कुटुंब तिच्यात नेमकं बसायचं, नवरा-बायको पुढे, दोन मुलं मागे. आजोबांचं काय? ‘तुम्ही एसटीनं या, सामान आम्ही नेतो.’ आत्याचं काय? ‘पुढच्या खेपेला.’ ती पुढची खेप अजून व्हायची आहे. घराचे दोन भाग आधी स्वयंपाकघरानं केले असतील, पण गाडीत बसणारे आणि एसटीनं येणारे असे दोन भाग आठशेनं केले. याउलट ओमनी. आठ सीटची तर कंपनीनंच काढली होती, आणि आठ हा कंपनीचा आकडा झाला. आमच्याकडे लग्नाला निघालेल्या ओमनीतून किती माणसं उतरली हे सांगितलं तर परिवहन खातं जुन्या तारखेनं दंड करेल. चौकोनी कुटुंबाला आठशे, वऱ्हाडातल्या वऱ्हाडाला ओमनी.

आणि माणसं उतरली की तीच गाडी सामानाची. मागची सीट काढून अंगणात ठेवली की झोपाळ्यासारखी बसायला, आणि गाडीत सोयाबीनची चार पोती. मंडपवाल्याच्या खुर्च्या तिच्यात, भजनी मंडळाचे टाळ-मृदंग तिच्यात, पहाटेचे पेपरचे गठ्ठे तिच्यात, शाळेची पोरं तिच्यात. हा काही अपघात नव्हे. सुझुकीच्या कॅरी नावाच्या सामानवाहू गाडीवरून ओमनी बेतली होती. त्या घराण्याची रीतच ती. १९७९ साली जपानात पहिली ऑल्टो निघाली ती सुद्धा कागदोपत्री सामानाची गाडी म्हणून, कारण सामानाच्या गाडीला कर कमी होता. चार लाख सत्तर हजार येन किंमत लावली आणि जपान्यांच्या उड्या पडल्या. ज्या ओसामू सुझुकींनी हा डाव टाकला त्यांनीच पुढे मारुतीचा हात धरला. डिसेंबर २०२४ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले, आणि आपल्या सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. ते काही कॅपुचिनोसाठी दिलं नसावं.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. त्यांचा मुख्य साक्षीदार एक स्विफ्टवाला पोट्टा आहे. “काका, काय सांगू राह्यले तुमी? तिले नाक कुठी होतं? ठोकली म्हंजे आधी ड्रायव्हरचे गुडघे, मंग बंपर!”

इथे मला वकिलीचा काळा कोट उतरवून बोललं पाहिजे. गुडघ्यांचा मुद्दा खरा आहे. पुढे बॉनेट नाही, पत्रा पातळ, आणि भरीला काही महाभाग घरगुती गॅसचं सिलिंडर आत बसवून त्यावर शाळेची पोरं वाहायचे. २०१९ साली एअरबॅगचे आणि टकरीच्या चाचणीचे नियम सगळ्या गाड्यांना लागू होऊ लागले, त्याच वर्षी ओमनी गेली, जिप्सीची किरकोळ विक्रीही त्याच वर्षी थांबली. बरोबरच झालं. माणसाचे गुडघे हा गाडीचा भाग नव्हे.

पण हे मला सांगतो कोण, तर जो स्वतः सीटबेल्ट पाठीमागून घेऊन खोबणीत अडकवून ठेवतो, म्हणजे गाडी टिंग टिंग करत नाही! डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये मुंबईच्या अंगाला पूर्ण झाला, एकूण ७०१ किलोमीटर. तो कारंज्याजवळून जातो, चढायला-उतरायला इथे वाट आहे. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. आमची पोट्टी ती मर्यादा म्हणजे किमान अट समजतात. ज्या गावानं शकुंतला रेल्वे पाहिली त्या गावची ही पोरं! १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती, आणि घाईत असलेला माणूस तिच्यातून उतरून पायी पुढे जाई, अशी थट्टा आम्ही करत असू. आता शकुंतला धावत नाही, तिच्या रुळांवर गवत आहे, आणि पोरं नागपूरला जेवून दोन तासांत परत येतात. परत येतात तोवर घरातल्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही, हे त्यांच्या ‘पिकअप’च्या हिशेबात कुठे धरलेलं नसतं.

ओमनी सुरक्षित होती असं मी म्हणत नाही. ओमनीत बसलेल्याला आपल्यापुढे नाक नाही हे काचेतून स्पष्ट दिसायचं, एवढंच म्हणतो. भीती हा जुना आणि स्वस्त ब्रेक आहे. आता गाडीला नाक आलं, नाकात पिशव्या आल्या, आणि तेवढ्या भरवशावर भीती मात्र घरी ठेवून निघायची रीत पडली. २०१० साली आलेली ईको आहे, ओमनीची धाकटी बहीण, तिला थोडंफार नाक आहे आणि आता पिशव्याही आहेत. ती कुणाच्या मोबाइलवर फोटोत असलेली मी पाहिली नाही. भाजीबाजारात मात्र रोज दिसते.

मिस्त्री या वादात सहसा पडत नाही. त्याचे हात काळे असतात आणि मत पांढरं. एकदा फारच आग्रह झाला तेव्हा पाना खाली ठेवून म्हणाला, “जिचा सामान संध्याकाळपर्यंत गावातच भेटते, ते गाडी भारी. बाकी सगळ्या क्यालेंडरवरच्या.” सगळे हसले. मी नाही हसलो. कारण खालचा मुद्दा याच्यापासून फार लांब नाही.

माझी स्वतःची भारीची व्याख्या सांगतो. रात्री दोन वाजता गावातला माणूस ज्या दारावर थाप मारतो, त्या दारातली गाडी भारी.

आता २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे, हे चांगलंच झालं. पण त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं आठवा. कुणाची सून अडली, कुणाला छातीत कळ आली, कुणाला शेतात पान लागलं, की माणूस कंदील घेऊन धावायचा तो जिप्सीकडे नाही, झेनकडे नाही, आठशेकडेही नाही. आठशेत आजारी माणसाला बसवावं लागतं, आणि बसवत नाही म्हणूनच तर न्यायचं असतं. तो धावायचा ओमनीवाल्याकडे. दार सरकवलं, मागची सीट काढून भिंतीशी टेकवली, खाली सतरंजी, वर गोधडी, पायाशी एक बाई, डोक्याशी दुसरी, आणि गाडी अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या रस्त्याला. कारंज्यात आज तिशी-पस्तिशीत असलेले किती जण मूर्तिजापूरच्या अलीकडेच, गाडीत जन्मले, याची नोंद कुठल्या दप्तरात नाही. त्यांना स्वतःला माहीत आहे. त्यातला एक तर स्विफ्टवाल्यांचा पुढारी आहे, आणि ओमनीला डबा म्हणण्यात सगळ्यात पुढे. त्याच्या आईनं एकदा त्याला टपरीवर येऊन सांगितलं, “अरे, तुह्या पत्रिकेत जन्मठिकाण म्हणून थ्या डब्ब्याचा नंबर टाकाले पाह्यजे होता.”

गाडी मालकाची असायची, ताबा गावाचा. पेट्रोलचे पैसे कधी मिळायचे, कधी हरभऱ्याच्या रूपानं मिळायचे, कधी नुसतेच आशीर्वाद. सकाळी मालक गाडी धुवायचा, गोधडी वाळत घालायचा आणि पोरांना शाळेत सोडायला निघायचा. कुणी वळून बघत नसे.

परवा मी हे सगळं गॅरेजसमोर सविस्तर मांडलं. वाद रंगला, शेवटी मतं घ्यायचं ठरलं. जिमनीला पाच, आठशेला चार, जिप्सीला तीन, झेनला दोन, एस्टीमला एक (दुसऱ्यानं त्याच कारणानं झेनला दिलं), ओमनीला माझं एक. मिस्त्री तटस्थ. मला एका मताचं आश्चर्य वाटलं नाही, पण आमच्यात एक जण असा होता, ज्याच्या दारात अजून पांढरी ओमनी उभी आहे, वडिलांच्या वेळची. मी त्याच्याकडे पाहिलं.

“तुझं मत कुणाला रे?”

“जिमनीले.”

“तू? अरे, तुझ्या वडिलांनी त्या गाडीनं अर्धं गाव दवाखान्यात पोचवलं. तू तरी...”

“म्हणूनच तं, काका.” तो शांतपणे म्हणाला. “बाबाले पूरी झोप एक दिवस भेटली नाही. मी पाहून आलो ना अकोल्याले. पाहाले मस्त हाय, मजबूत हाय. आन मेन म्हंजे, मांगं कोनी आडवं नाही झोपू शकत.”

सगळ्यांनी मान डोलावली. पोट्ट्यानं जिमनीच्या बुकिंगला किती भरावे लागतात ते विचारलं. टपरीवाल्यानं चहाचे पैसे कुणाकडे लिहायचे ते विचारलं.